बारामासा : निरोपाच्या विरुद्ध बारा युक्तिवाद

बुंदी-कोट्याकडच्या बारामासा चित्रमालिकेतले कार्तिकाचे पान मराठी माणसाच्या हाती आले, तर त्याला क्षणभर अडखळायला होते. गच्चीवर पणत्यांच्या रांगा आहेत, नायक-नायिका सोंगट्यांचा पट मांडून बसले आहेत, मागे नदीत बायका स्नान करताहेत, एका कोपऱ्यात पूजा चालली आहे. दिवाळीच ही. पण आपली दिवाळी आश्विनात सुरू होते आणि लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला होते. कार्तिक उजाडतो तो पाडव्याला. चित्रकार चुकला की काय?

चूक नाही. नर्मदेच्या दक्षिणेला आपण महिना अमावास्येला संपवतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच, कृष्ण पक्षाचे मात्र एका महिन्याने पुढे. आपल्या श्रावण वद्य अष्टमीला ते भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात आणि आपल्या आश्विन अमावास्येला कार्तिक अमावास्या. त्यामुळे त्यांची दिवाळी कार्तिकाच्या ऐन मध्यावर येते, आणि त्यांचा फाल्गुन होळीच्या पौर्णिमेला संपून धुळवडीच्या सकाळी चैत्र लागतो. ही पंचांगातली बारीकसारीक बाब मी आधीच सांगून टाकतो, कारण ती ध्यानात न घेतल्याने अनेक पानांचे महिने चुकीचे ओळखलेले मी पाहिले आहेत. सणावरून महिना ओळखायचा तर सण कोणाच्या पंचांगातला हे आधी विचारायला हवे.

मात्र या लेखाचा विषय पंचांग नाही. या चित्रांकडे आपण ‘ऋतुचित्रे’ म्हणून पाहतो, त्यांतले ढग, मोर, कमळे, केळीची बने यांची तारीफ करतो आणि नायक-नायिकेला त्या देखाव्यातली शोभेची जोडी समजून पुढे सरकतो. माझे म्हणणे असे, की ही चित्रे ऋतूंची नाहीतच. ती एका वादाची चित्रे आहेत. बाई बोलते आहे, पुरुष ऐकतो आहे, आणि प्रश्न एकच आहे : त्याने जायचे की नाही.

हा वाद कुठून आला हे पाहण्यासाठी ओरछाला जावे लागते. केशवदासाने तिथे 1591 मध्ये ‘रसिकप्रिया’ आणि 1601 मध्ये ‘कविप्रिया’ लिहिली. बारामासा मालिकांपैकी बऱ्याचशा मालिका ‘कविप्रिये’च्या दहाव्या प्रभावातील बारा छप्पयांवर बेतलेल्या आहेत. ‘कविप्रिया’ हे काव्य कसे लिहावे ते शिकवणारे पुस्तक आहे. इंद्रजितसिंहाच्या दरबारातली गायिका, नर्तकी आणि स्वतः कवयित्री असलेली प्रवीणराय हिच्यासाठी ते रचले गेले. तिला अकबराने बोलावून घेतल्याची आणि चतुर उत्तर देऊन ती ओरछाला परतल्याची आख्यायिका हिंदी वाचकांना पाठ आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण न जाण्याच्या युक्तिवादांची ही बारा पाने ज्या पुस्तकात आहेत, त्याच्या पहिल्या वाचकाबद्दल लोकांनी असली गोष्ट जपावी, हे मला बोलके वाटते.

दहावा प्रभाव कशाबद्दल आहे? तो ‘आक्षेप’ अलंकाराबद्दल आहे. आज आपण आक्षेप म्हणजे हरकत म्हणतो, आणि अलंकारशास्त्रातला अर्थ त्यापासून फार दूर नाही : एखादी गोष्ट घडण्याआधीच बोलण्याने तिला आडकाठी घालणे. दण्डीच्या ‘काव्यादर्शा’त या अलंकाराचे दोन डझन प्रकार आहेत, आणि त्यांतली कितीतरी उदाहरणे परगावी निघालेल्या प्रियकराला थोपवण्याची आहेत. एक नायिका तर वरवर ‘खुशाल जा’ म्हणते आणि लगेच, तू जाशील तिथेच माझा पुढचा जन्म होवो, असा आशीर्वाद मागून घेते. म्हणजे तू गेलास की मी मेले. केशवदासाला ही परंपरा ठाऊक होती. त्याने आक्षेपाचा एक प्रकार मानला तो ‘शिक्षाक्षेप’, उपदेश करून अडवणे; आणि त्याचे उदाहरण म्हणून चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचा बारामासा लिहिला. प्रत्येक छप्पयात महिन्याचे वर्णन आणि शेवटी वेगवेगळ्या शब्दांत तीच विनंती, की या महिन्यात तरी परदेशी जाण्याचा विचार करू नका.

लोकगीतांतला बारामासा असा नाही. तिथे नवरा आधीच गेलेला असतो. जायसीच्या ‘पद्मावता’त (1540) नागमतीचा बारामासा आषाढात सुरू होतो, राजा सिंहलद्वीपाला गेला आहे आणि ती महिन्यामागून महिना त्याची वाट पाहते आहे. त्याच्याही आधीच्या जैन परंपरेत नेमिनाथाने लग्नमंडपातून पाठ फिरवल्यावर राजीमती महिने मोजते. शार्लोट वोदविल यांनी भारतीय भाषांतल्या बारामाशांचा अभ्यास करताना विरहाच्या या प्रकाराचे मूळ पावसाळ्यातल्या लोकगीतांशी जोडले आहे, आणि ते पटते. पावसाळ्यात वाटा बंद होतात. जो घरी आला नाही तो आता चार महिने यायचा नाही. आपल्याकडच्या बायकांच्या ओव्यांत हाच श्रावण माहेराकडे वळतो : पंचमीला भाऊ न्यायला येईल का, ही तिथली काळजी. माणूस निराळा, वाट पाहणे तेच.

केशवदासाने या वाट पाहण्याचा काळच बदलला. विरह अजून झालेला नाही. विरहगीतातला श्रावण आठवणींचा असतो. इथला श्रावण म्हणजे वकिलाने पुढे केलेला पुरावा. बघ, नद्या समुद्राला भेटायला निघाल्या आहेत, वेली झाडांना बिलगल्या आहेत, वीज ढगाला सोडत नाही. आणि तू जातोस? विरहिणी निसर्गाकडे पाहून रडते, ही निसर्गाला साक्षीला बोलावते.

हा फरक गेली शंभर वर्षे थोडासा झाकला गेला, त्याचे एक कारण आनंद कुमारस्वामी यांचा मोठेपणा. त्यांच्या 1916 च्या ‘राजपूत पेंटिंग’ या ग्रंथाने या चित्रांना जगाच्या नजरेत आणले, त्यांना मुघल चित्रकलेपासून वेगळी ओळख दिली. पण त्यांनी राधाकृष्णाच्या चित्रांतले प्रेम जीव-शिवाच्या भाषेत वाचले आणि ती सवय आपल्या लिखाणाला जडली. एकदा का नायिका म्हणजे आत्मा झाली, की तिला वादात काही जिंकायचे किंवा हरायचे उरत नाही. मग आषाढ काय आणि पौष काय, सगळे एकाच अनंत मीलनाचे रंग. व्ही. पी. द्विवेदींच्या 1980 च्या बारामाशावरील पुस्तकासारखी काव्य आणि चित्र शेजारी ठेवणारी कामे झाली, तरी सर्वसाधारण रसग्रहणाची भाषा अजून कुमारस्वामींचीच आहे.

आता चित्रकाराची अडचण पाहू. कवितेत एकच बाई बोलते. बोलणे रंगवता येत नाही. हात रंगवता येतो. म्हणून बुंदी आणि कोट्याच्या पानांत बहुधा जोडी पुढे, पांढऱ्या महालाच्या गच्चीवर किंवा खिडकीशी, आणि नायिकेचा एक हात उचललेला. तो हात कधी बाहेरच्या देखाव्याकडे बोट दाखवतो, कधी नुसता तळवा उघडा असतो. मागे, वर, बाजूला महिना पसरलेला : नदी, बन, बाजार, देऊळ, प्राणी. बाराही पानांत जोडी जवळजवळ तीच, कपडे आणि आसन बदलते. जोडी हा वादाचा मुद्दा, मागचा पसारा ही उदाहरणे. मालिका ओळीने पाहिली, तर हे लगेच जाणवते. एकच पान पाहिले, तर मुळीच नाही.

ज्येष्ठाचे छप्पय पाहा. उन्हाने पाची महाभूते एक होऊन आग झाली आहेत. थकलेला हत्ती आटलेल्या तळ्याकडे पाहत उभा आहे. त्याच्या सोंडेच्या सावलीत नाग शिरला आहे आणि पोटाखाली सिंह झोपला आहे. चित्रकारांना हा प्रसंग फार आवडलेला दिसतो. हत्ती आणि सिंह एका झाडाखाली काढले, की चित्र मजेदार होतेच. पण ते गमतीसाठी काढलेले नाही. जन्माचे वैरी ज्या महिन्यात एकमेकांना सोडून हलत नाहीत, त्या महिन्यात तू आपल्या माणसाला सोडून निघतोस, हा त्यातला टोमणा आहे. माझ्या मते बाराही महिन्यांत हा सर्वांत तीक्ष्ण युक्तिवाद, कारण तो प्रेमाबद्दल काहीच बोलत नाही.

आषाढाचा युक्तिवाद धर्माचा. वावटळी उठल्या आहेत; पक्षी घरटे सोडत नाहीत, संन्यासी एका जागी आसन मांडतात, आणि खुद्द नारायण लक्ष्मीला जवळ घेऊन निजला आहे. चित्रात एका बाजूला झोपडीतला जोगी आणि वर कुठेतरी शेषावर पहुडलेला विष्णू दिसतो तो यासाठी. मराठी वाचकाला हे पान पाहताना गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. आपला अख्खा आषाढ रस्त्यावर असतो. देव झोपणार त्या एकादशीला पंढरपूर गाठायचे म्हणून लाखो माणसे घर सोडून चालतात. त्याच देवशयनीचा दाखला ओरछ्याचा कवी घर न सोडण्यासाठी देतो. एकाच तिथीने दोन मुलुखांत इतकी उलट शिकवण द्यावी, याचे स्पष्टीकरण देण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

भाद्रपद हा चित्रकारांचा लाडका महिना. बुंदीच्या आकाशाची सगळी कसब इथे : काळेनिळे, गुंडाळत येणारे ढग, त्यांत सोन्याच्या रेघेची नागमोडी वीज, खाली गर्द हिरवी झाडी, डरकाळ्या फोडणारे वाघ-सिंह, झाडे मोडणारे हत्ती. युक्तिवाद मात्र इथे अगदी साधा, जवळजवळ गृहिणीचा : दिवस कुठला नि रात्र कुठली कळत नाही अशा वेळी आपले घर अमृत, परमुलूख विष. चित्र जितके दिमाखदार, तितके तिचे म्हणणे साधे. संग्रहालयांच्या भिंतींवर आणि कॅलेंडरांवर याच महिन्याची पाने जास्त दिसावीत, हे साहजिक आहे.

आणि मग आश्विन. तिथले लोक त्याला कुंवार म्हणतात. इथे नायिकेची बाजू लंगडी पडते, आणि मला वाटते केशवदासाला ते पुरते माहीत होते. पाऊस संपला, चिखल वाळला, नद्यांना उतार आला. वाट नाही हे कारण उरले नाही. हा तर निघण्याचाच महिना. छप्पयात पितर पिंडासाठी घरी येतात, लोक नवदुर्गेची पूजा करतात, आणि छत्रपती राजे पंडितांना सोबत घेऊन पृथ्वी जिंकायला निघतात. हे शेवटचे तिने का सांगावे? ज्याला अडवायचे त्याच्यासमोर निघालेल्या राजाचे उदाहरण? काही पानांत मागे श्राद्ध, देवीची पूजा आणि त्यांच्यासोबत छत्र-निशाणे घेऊन चाललेली स्वारी असते, आणि पुढे ती हात उचलून बोलतेच आहे. आपल्याकडे दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर फौजा बाहेर पडत, हे शिवकाल-पेशवाई वाचलेल्या कोणालाही सांगायला नको. म्हणून हे पान पाहताना मराठी प्रेक्षक उत्तरेतल्या प्रेक्षकाइतकाच आत असतो. पितरसुद्धा घरी येतात, हे तिचे एकच बळ. बाकी सगळा महिना तिच्या विरुद्ध साक्ष देतो.

नायक कोण, हाही प्रश्न इथेच येतो. बुंदीच्या पानांत आणि पहाडी पानांत तो पुष्कळदा निळा असतो, म्हणजे कृष्ण. केशवदासाच्या छप्पयांना कृष्णाची गरज नाही, पण चित्रकाराने त्याला निळा रंग दिला की निकाल आधीच लागतो. कृष्ण मथुरेला गेला आणि परतला नाही, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. गोऱ्या, पागोटे घातलेल्या राजपुत्रासमोर तीच विनंती चालू असते तेव्हा तो कदाचित थांबेल. निळ्या नायकाच्या बारा पानांत ती बारा वेळा हरलेली आहे, आणि तिचा उचललेला हात त्यामुळे वेगळा दिसतो. या एका रंगाने चित्राचा अर्थ किती बदलतो, याबद्दल आपल्या लिखाणात फारसा विचार झालेला नाही.

पण राजपुत्र जातो कुठे? कवितेत नुसते ‘विदेश’. चित्रे जिथे काढली गेली तिथल्या राजांसाठी मात्र या शब्दाला दोन-तीन पिढ्या एक ठरावीक पत्ता होता, आणि तो आपल्या घराशेजारचा आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, कर्णपुरा, पदमपुरा, भावसिंगपुरा ही नावे रोज रिक्षावाल्याला सांगितली जातात. कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली यात्रा मोठी असते. हे कर्ण म्हणजे बिकानेरचे राजा कर्णसिंह, पदमसिंह त्यांचे पुत्र, आणि भावसिंह म्हणजे बुंदीचे राव भावसिंह हाडा. मुघलांच्या दख्खनच्या नोकरीत या मंडळींनी आयुष्याची वर्षेच्या वर्षे इथे काढली. कर्णसिंह 1669 मध्ये इथेच वारले. त्यांचे दुसरे पुत्र अनुपसिंह आदोनीला होते, तिथे 1698 मध्ये गेले. बिकानेरचे विख्यात हस्तलिखित-भांडार त्यांच्या नावाचे आहे, आणि बिकानेरच्या चित्रशैलीत दख्खनी वळण शिरले त्यामागे हीच दूरची नोकरी आहे. भावसिंहांचे वडील शत्रुसाल 1658 मध्ये सामूगढला पडले. भावसिंहांच्या दरबारात मतिराम कवी होता, ‘ललितललाम’ त्याने त्यांच्यासाठी लिहिले. आणि परंपरेप्रमाणे मतिराम हा भूषणाचा भाऊ. एक भाऊ शिवाजी महाराजांची स्तुती करतो आहे आणि दुसऱ्याचा आश्रयदाता औरंगाबादेत मुघलांच्या छावणीत आहे.

मी असे म्हणत नाही, की बुंदीच्या चित्रकाराने ‘विदेश’ रंगवताना दौलताबादचा किल्ला डोळ्यांसमोर ठेवला. बहुतेक मालिका अठराव्या शतकातल्या आहेत, तोवर दख्खनची नोकरी ओसरली होती. पण ज्या महालांत ही पाने हातोहात पाहिली गेली, त्या घराण्यांत दोन-तीन पिढ्यांचे कर्ते पुरुष दसऱ्याला निघून दख्खनेत राहिले होते, काही तिथेच मेले होते. अशा घरात ‘या महिन्यात जाऊ नका’ हे वाक्य नुसता अलंकार राहत नाही. त्यातही ही चित्रे करवून घेणारे आणि जनान्याबाहेर पाहणारे पुरुषच. म्हणजे जाणाऱ्यानेच स्वतःला उद्देशून हा उपदेश रंगवून घेतला. हा आत्मसंतोष होता की अपराधभाव? माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण केवळ मिरवायला शिकारीची आणि दरबाराची चित्रे पुरेशी होती, आणि ती त्यांनी भरपूर काढून घेतलीच.

अठराव्या शतकात ‘विदेश’ उलट दिशेने बुंदीत आला, तो आपल्या लोकांच्या रूपाने. गादीच्या भांडणात 1734 मध्ये मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांनी बुंदीवर चाल केली. बुधसिंहाच्या राणीने मल्हाररावांना राखी पाठवल्याची हकीकत टॉडने दिली आहे. पुढे बुधसिंहाचा मुलगा उमेदसिंह होळकरांच्या मदतीने गादीवर बसला. बुंदीच्या गढीतल्या, हिरव्या-निळ्या छटांनी भरलेल्या चित्रशाळेचे बरेचसे श्रेय त्याच्या काळाला दिले जाते. या उमेदसिंहाने पुढे राज्य मुलाकडे सोपवले आणि तीर्थयात्रा करीत हिंडला.

सगळ्या मालिका सारख्या उंचीच्या नाहीत, हेही सांगायला हवे. गुलेर-कांगड्याच्या मालिकांचे कौतुक मी कमी ऐकलेले नाही. एम. एस. रंधावांनी त्यांच्यावर मनापासून लिहिले आहे, आणि रेषेची नजाकत, डोंगरउतार, चेहऱ्यांचे मार्दव यांत बुंदी त्यांच्या जवळपास येत नाही. पण तिथे जोडी इतकी एकमेकांत रमलेली असते, की कोणी निघाले आहे असे वाटतच नाही. वाद विरघळून जातो आणि खरोखरच ऋतुचित्र उरते. बुंदीचा चित्रकार चेहरे एका साच्यातले काढतो, लालसर गाल आणि तीच ती हनुवटी. पण त्याच्या पानात दोघांच्या मधली जागा बोलते. मार्गशीर्ष आणि पौषाची पाने मात्र बुंदीतही बहुधा फिकीच. मार्गशीर्षाला गीतेतल्या विभूतियोगाचा आधार आहे, पौषाला तेल, कापूस, विडा, शेगडी आणि लांब रात्री. दोन्हींत चित्रकाराला करण्यासारखे थोडे. आणि अधिक महिना? त्याला पानच नाही. तिसऱ्या वर्षी तेरावा महिना येतो तेव्हा नायिकेने काय सांगावे याची सोय केशवदासाने केली नाही. आपल्याकडे त्या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. अडवण्याचा हाही एक प्रकार म्हणायचा.

शेवटची गोष्ट जरा व्यवहाराची. राजस्थानी पानांवर छप्पय बहुधा वरच्या पिवळ्या पट्टीत लिहिलेले असते. पहाडी पानांवर ते पुष्कळदा पाठीमागे असते. चौकट घातली, की पाठ भिंतीकडे जाते. वरची पट्टी दिसते, पण ब्रजभाषेतले, शब्द न तोडता लिहिलेले ते अक्षर थांबून वाचणारे कमी. खालच्या चिठ्ठीवर ‘नायक-नायिका, भाद्रपद, बुंदी, अठरावे शतक’ एवढे असते. मालिका फुटून चार देशांत विखुरलेल्या आहेत, त्यामुळे बाराही पाने ओळीने पाहण्याचा योग छापील पुस्तकाबाहेर क्वचितच. हे सारे एका दिवसात बदलणार नाही. पण चिठ्ठीवर आणखी दोन ओळी मावतात. त्यांत छप्पयाचा सरळ मराठी अर्थ द्यावा, निदान ती काय म्हणते आहे एवढे तरी. मुंबईत वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांच्या दालनात येणाऱ्या शाळकरी मुलींच्या रांगा मी पाहिल्या आहेत. त्या विजेपाशी थांबतात, मोरापाशी थांबतात, आणि मग एखादी विचारते, “ही बाई त्याला काय सांगतेय?”